सुवर्णमहोत्सवी सभेसाठी फिल्म आणि पॉडकास्ट: कोटेशन पारखायचं कसं?

सचिव_शाहूपुरी:

नमस्कार मंडळी. आमच्या पतसंस्थेला यंदा पन्नास वर्षं होताहेत. वार्षिक सभा सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात, कोल्हापुरातच, साधारण सहाशे खुर्च्यांच्या सभागृहात. संचालक मंडळानं दोन गोष्टी ठरवल्यात. सभेत दाखवायला संस्थेवर दहा मिनिटांची फिल्म, आणि जुने सभासद, पिग्मी एजंट, निवृत्त कर्मचारी यांच्याशी गप्पांचे सहा भाग, पॉडकास्ट म्हणून.

तीन कोटेशनं आलीत. पहिल्यात एकच ओळ: ‘फोरके शूट, ड्रोन, एडिटिंग, म्युझिक, कम्प्लीट पॅकेज’. दुसऱ्याची रक्कम त्याच्या दुप्पट, तिसऱ्याची जवळपास तिप्पट. त्या दोन्हींत पानभर सामानाची यादी आहे, पण आमच्या हातात शेवटी काय पडणार ते कळत नाही. अध्यक्षसाहेब म्हणतात, दिसायला सगळं सारखंच, स्वस्त ते घ्या. कमिटीपुढं नेमकं काय मांडू? आणि पॉडकास्ट आमच्याच मीटिंग हॉलमध्ये रेकॉर्ड करता येईल का?

पंचवीस_फ्रेम:

सचिवसाहेब, ‘फोरके’ या शब्दासाठी एक रुपया जादा मोजू नका. सभागृहात एलईडी वॉल लागणार असं धरतो. भाड्यानं मिळणाऱ्या वॉलचे डबे बहुतेक ५०० बाय ५०० मिलिमीटरचे. पी ३.९ जातीच्या (म्हणजे दोन ठिपक्यांतलं अंतर, ‘पिच’, ३.९ मिलिमीटर) डब्यात आडवे १२८ आणि उभे १२८ ठिपके असतात. आठ डबे रुंद आणि पाच डबे उंच अशी वॉल, म्हणजे सुमारे १३ बाय ८ फूट, उभी केली की सगळी मिळून १०२४ बाय ६४० ठिपके भरतात. फोरके म्हणजे ३८४० बाय २१६०. वॉल ते सगळं गाळून आपल्यापुरतं ठेवते. शिवाय फिल्म १६:९ मापाची असली की वर-खाली ३२-३२ ठिपक्यांच्या काळ्या पट्ट्या पडतात आणि चित्राला उरतात १०२४ बाय ५७६.

फोरकेचा खरा उपयोग एडिटिंगच्या टेबलावर. एकाच कॅमेऱ्यानं घेतलेल्या मुलाखतीतून दूरची आणि जवळची अशा दोन फ्रेम कापता येतात. तेवढं काम होणार असेल तर फोरके ठीक.

म्हणून पहिला प्रश्न असा विचारा: फिल्म कुठल्या पडद्यासाठी बनवताय? समोरच्यानं वॉलचं माप उलट तुम्हालाच विचारलं तर माणूस कामाचा समजा. १०८० ओळींच्या फिल्मवर २४ ठिपके उंचीचं लिहिलेलं नाव वरच्या वॉलवर जेमतेम तेरा ठिपक्यांचं होतं. तेवढ्यात रफार, मात्रा, अनुस्वार सगळं बसवायचं. मागच्या रांगेला ‘कर्ज’चा ‘कज’ दिसतो. अक्षराची उंची पडद्याच्या निदान विसाव्या भागाएवढी हवी आणि एका वेळी दोनच ओळी. ठेवींचा पन्नास वर्षांचा तक्ता पडद्यावर टाकू नका. तो अहवालाच्या पुस्तकात छापलेलाच असतो. पडद्यावर पाच आकडे पुरे, दर दहा वर्षांचा एक.

आता लांबी. दहा मिनिटं नको, सहा करा. मराठी निवेदन सावकाश वाचलं तर मिनिटाला ११० ते १२० शब्द जातात. सहा मिनिटांतली दोन मुलाखतींना आणि मोकळ्या दृश्यांना सोडली तर निवेदन साडेचारशे शब्दांच्या आत बसवावं लागतं. कोटेशनमध्ये ‘संहिता’ हा शब्द आहे का बघा. नसेल तर ती तुमच्याच गळ्यात पडणार, आणि मग अहवालातलं ‘संस्थेची उत्तरोत्तर प्रगती होत असून’ तसंच्या तसं माईकसमोर वाचलं जाणार.

संचालकांचं गणित आधीच उरकून घ्या. सतरा जण, प्रत्येकी तीन सेकंद, नाव-पदासह: ५१ सेकंद. प्रत्येकाला दोन वाक्यं बोलायला दिलीत की निम्मी फिल्म तिथंच संपली. सगळ्यांना सारखेच तीन सेकंद, हे ठरावात लिहून घेतलंत तर पुढं रुसवेफुगवे टळतील.

शूटिंगबद्दल दोन गोष्टी, कारण स्वस्तातलं काम इथंच उघडं पडतं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवलं तर शाखेतल्या ट्यूबलाइटखाली चित्र स्थिर राहतं. मोबाइल ज्या ३० फ्रेमवर असतो त्याच सेटिंगनं घेतलं की भिंतीवर उजेडाच्या लाटा चढताना दिसतात, आणि त्या नंतर एडिटिंगमध्ये नीट निघत नाहीत. दुसरं, काउंटरवर शूटिंग चालू असताना खातेदाराचं पासबुक, चेक, कॉम्प्युटरचा पडदा, थकबाकीदारांची नोटीस, तिजोरीची खोली यातलं काहीही फ्रेममध्ये येता कामा नये. पतसंस्थेच्या फिल्मला ही चूक परवडत नाही. शाखेचा एक माणूस कॅमेऱ्याशेजारी याच कामाला उभा करा.

ड्रोन: विमानतळ उजळाईवाडीला असल्यानं शहर त्याच्या १२ किलोमीटरच्या वर्तुळातच येतं, आणि गोकुळ शिरगावची शाखा तर अगदी दारात. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळाचा नकाशा उघडून त्या-त्या इमारतीवर बोट ठेवायला सांगा. लाल-पिवळ्या भागात परवानगीशिवाय उडवता येत नाही. ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात परवानगीविना मर्यादा २०० फुटांची, त्यापलीकडच्या हिरव्या भागात ४०० फुटांची. ‘आम्ही नेहमी उडवतो’ हे उत्तर नव्हे. आणि खरं सांगायचं तर तीन मजली इमारत वरून बघण्यात सभासदाला काय रस? गॅलरीतून घेतलेला शाखेबाहेरचा सकाळचा रस्ता जास्त बोलतो.

फेडर_खाली:

वर चित्राचं आलं. आता आवाजाचं, आणि पॉडकास्टचं तर सगळंच आवाजाचं.

मीटिंग हॉलमध्ये रेकॉर्डिंग करू नका. ग्रॅनाइटची फरशी, काचेचं टेबल, अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या आणि प्लॅस्टर केलेल्या कोऱ्या भिंती असलेल्या खोलीत बोललेला शब्द चारदा परत येतो. टाळी वाजवून बघा. टाळीमागं घुमणारी शेपूट ऐकू आली की ती खोली बाद. संस्थेतली सगळ्यात चांगली खोली म्हणजे जुन्या दप्तरांची. तीन भिंतींना फायलींचे गठ्ठे, मधोमध दोन खुर्च्या. कागदासारखा आवाज पिणारा पदार्थ फुकटात दुसरा मिळायचा नाही. चौथ्या भिंतीवर दोरी बांधून दोन जाड वाकळा सोडा, टेबलावर सतरंजी घाला. तयार पिरॅमिडवाला फोम लावून फारसा फरक पडत नाही. एक-दोन इंचांचा फोम वरच्या पट्टीचा आवाज खातो, खालचा घुमारा तसाच ठेवतो.

पंखा बंद, एसी बंद, फ्रीज बंद. (ज्यानं फ्रीज बंद केला त्यानं गाडीची किल्ली फ्रीजमध्ये ठेवावी, म्हणजे चालू करायला विसरत नाही.) इन्व्हर्टर शेजारच्या खोलीत गुणगुणत असेल तर तो भिंतीतूनही येतो. वर पत्रा असेल तर श्रावणात रेकॉर्डिंगची तारीखच धरू नका. पत्र्यावरची सर आवाजातून काढता येत नाही. गणपतीच्या दहा दिवसांबद्दल कोल्हापूरकराला वेगळं सांगायला नको. म्हणजे सहाही भाग जूनच्या आधी उरका, किंवा सरळ सभा झाल्यावर दिवाळीनंतर घ्या.

माईक. दोन माणसं, दोन माईक, दोन वेगळे ट्रॅक. कोटेशनमध्ये ‘वेगळे ट्रॅक’ हे शब्द हवेतच. एक जण बोलताना दुसरा खोकला तर तेवढाच ट्रॅक दाबता येतो. साध्या खोलीत कंडेन्सर माईक (खोलीतला बारीक आवाजही टिपणारा) नको, डायनॅमिक (जवळचाच आवाज घेणारा) घ्या. शुअर एसएम५८ पुरतो. एसएम७बी यादीत असेल तर त्याला सुमारे ६० डेसिबल गेन लागतो, तेव्हा सोबत कुठला इंटरफेस (माईकचा आवाज वाढवून कॉम्प्युटरात नेणारा डबा) देणार ते विचारा. हलका इंटरफेस असला की आवाज वाढवताना मागचा ‘सूऽऽ’ही वाढतो. तोंडापासून माईक चार बोटं ते वीतभर, नाकाच्या रेषेत नव्हे, किंचित बाजूला, म्हणजे ‘प’, ‘फ’, ‘भ’चा फटका बसत नाही.

पण सत्तरी ओलांडलेला माणूस स्टँडवरच्या माईकसमोर तासभर एका जागी बसत नाही. तो मागं टेकतो, आठवताना मान वळवतो, वाक्याच्या शेवटी आवाज सोडतो. म्हणून त्यांना कॉलरचा माईकही लावा आणि दोन्ही रेकॉर्ड करा. कॉलर माईक हनुवटीखाली एक वीत. खळ दिलेला शर्ट खरखरतो. बायकांच्या पदराचं रेशीम माईकवर घासतं आणि मंगळसूत्र टकटक वाजतं. वायरीचा छोटा वेढा करून माईकच्या मागं औषधाच्या दुकानातली कागदी चिकटपट्टी लावली की हालचालीचा धक्का वेढ्यात जिरतो. रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. आवाजाचे शेंडे उणे १२ डेसिबलच्या आसपास. आजोबा हसले की एकदम दुप्पट चढतात, त्याला वर जागा हवी.

तासाभराच्या गप्पांचे पंचवीस मिनिटं होतात आणि त्याला एडिटरचे चार ते सहा तास जातात. कोणी ‘एका दिवसात सहा भाग तयार’ म्हणत असेल तर तो फक्त सुरुवात आणि शेवट कापून देणार. तयार फाइल स्टिरिओ असेल तर उणे १६ एलयूएफएस (सरासरी आवाज मोजायचं एकक), शिखर उणे १ डेसिबल. हे दोन आकडे वर्क ऑर्डरमध्ये टाका. नाहीतर एक भाग कुजबुजतो, दुसरा ओरडतो.

आणि प्रश्न. ‘आपलं मनोगत व्यक्त करा’ म्हटलं की समोरचा भाषण ठोकतो. पिग्मी एजंटला विचारा: पहिली फेरी कुठल्या गल्लीतून सुरू व्हायची? पावती कशात ठेवायचा? पैसे नाहीत म्हणणारा दुकानदार काय म्हणायचा?

वेलांटी_उकार:

कोटेशन घेताना एक चाचणी फुकट करता येते. तिघांनाही ‘कार्यकारिणी, क्षितिज, सुवर्णमहोत्सवी, शिर्के, ऱ्हास’ एवढे शब्द व्हिडिओवर टाकून पाच सेकंदांची क्लिप पाठवायला सांगा. प्रीमिअर या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरांचं इंजिन दक्षिण आशियाई लिपीसाठी बदललेलं नसलं की पहिली वेलांटी चुकीच्या बाजूला जाते आणि जोडाक्षरं हलंतासह सुटी पडतात. ज्यांना हे सेटिंग माहीत नाही ते जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये टाइप करून चित्र चिकटवतात. मग नंतर एका नावातली चूक सुधारायची म्हटली की अख्खी पट्टी नव्यानं करावी लागते, आणि शेवटच्या रात्री ‘आता बदल होत नाही’ असं ऐकावं लागतं.

फॉन्ट युनिकोडचाच मागा. मुक्त परवान्याचे मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी पडद्यावर चांगले वाचता येतात. ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे आलेत का तेही बघा, हिंदी वळणाचा ‘श’ आपल्या जुन्या सभासदांना खटकतो. अक्षराची रेघ जाड, खाली काळी पारदर्शक पट्टी. सोनेरी अक्षरांना चकाकी नको, ‘सुवर्णमहोत्सव’ असला तरी.

नावांची यादी तुम्ही टाइप करून द्या, व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजात सांगू नका. प्रत्येक नावापुढं त्या माणसाची सही घ्या. ‘पाटील’ चुकत नाही, पण ‘चव्हाण’चा ‘चौहान’ होतो.

वायरमन_राजारामपुरी:

सगळ्यांनी फिल्म बनेपर्यंतचं सांगितलं. फजिती होते ती सभेच्या दिवशी.

ऑगस्ट-सप्टेंबरात जिल्ह्यातल्या सगळ्या संस्थांच्या सभा, कारण ३० सप्टेंबरच्या आत उरकायच्या असतात, आणि त्यातच गणपती. वॉल, साउंड, जनरेटर तिन्ही जुलैतच बांधून घ्या. वॉलवाल्याकडून पिच आणि डब्यांची संख्या लेखी घ्या. ‘१३ बाय ८ ची वॉल’ एवढंच लिहिलं तर ऐनवेळी पी ४.८ चे डबे येतात. तेवढ्याच मापात ठिपके १०२४ वरून ८३२ वर. सभागृहाच्या आत वॉलचा उजेड २०-३० टक्क्यांवर आणायला सांगा. पूर्ण उजेडावर ठेवली की पुढच्या चार रांगा डोळे चोळतात आणि व्यासपीठावरची माणसं कॅमेऱ्यात काळी दिसतात. सभेचं रेकॉर्डिंगही होणार असेल तर डब्यांचा रिफ्रेश (चित्र सेकंदाला किती वेळा ताजं होतं तो आकडा) ३८४० हर्ट्झ मागा. कमी असला की व्हिडिओत वॉलवर आडव्या रेघा सरकतात.

फिल्म एमपी४, एच.२६४, २५ फ्रेम, १५-२० एमबीपीएस. तीच फाइल दोन लॅपटॉपवर आणि एका पेन ड्राइव्हवर. पॉवरपॉइंटच्या आत व्हिडिओ घालू नका. लॅपटॉपची नोटिफिकेशन बंद, पडदा ‘एक्स्टेंड’वर. ‘डुप्लिकेट’वर असला तर फिल्म शोधतानाची तुमची सगळी फोल्डरं सहाशे लोक वाचतात. लॅपटॉप मागं कंट्रोलवर आणि वॉल पुढं असेल तर साध्या एचडीएमआय केबलवर दहा-पंधरा मीटरपुढं भरवसा नाही. चित्र लुकलुकतं किंवा जातंच. एसडीआय किंवा फायबरची केबल सांगा.

लॅपटॉपच्या हेडफोन पिनेतून मिक्सरला आवाज दिला की ‘घूंऽऽ’ येतो. चार्जर काढल्यावर तो थांबला तर दोष अर्थिंगचा. मधे डीआय बॉक्स (हा ‘घूंऽऽ’ तोडणारी छोटी डबी) लावा. उलट बाजूला, मिक्सरमधून कॅमेऱ्यात आवाज घेताना लाइन लेव्हल (मिक्सरचा जोरदार सिग्नल) सरळ माईकच्या पिनेत घातली तर आवाज फाटतो आणि ते घरी गेल्यावरच कळतं. मिक्सरवाल्याकडून वेगळा ऑक्स (आवाज बाहेर काढायची स्वतंत्र वाट) मागा, कॅमेऱ्याकडं लेव्हल उतरवून घ्या, आणि एक स्वतंत्र रेकॉर्डरही लावा. सभासद प्रश्न विचारतात त्या जागी वायरचा माईक उभा करा. २.४ गिगाहर्ट्झवर चालणारे छोटे वायरलेस माईक सहाशे मोबाइलच्या गर्दीत मधेच गप्प होतात, आणि नेमके लाभांशाच्या प्रश्नाला.

सचिव_शाहूपुरी:

खूप उपयोगी पडलं सगळं. वॉलचा पिच विचारायचं आमच्या डोक्यातच नव्हतं. अजून तीन शंका. संस्थापकांचे जुने फोटो भिंतीवर फ्रेममध्ये आहेत, ते मोबाइलनं काढून दिले तर चालतील? एका संचालकांना फिल्मच्या शेवटी एक गाजलेलं चित्रपटगीत हवंय. आणि शूटिंगचं सगळं कच्चं साहित्य मागितलं तर दोघांनी आढेवेढे घेतले. ते आमचं नाही का?

पंचवीस_फ्रेम:

फोटो मोबाइलनं नको. हार काढा, फ्रेम उघडा, ६०० डीपीआयवर स्कॅन करा. ६ बाय ४ इंचांच्या फोटोचं ३६०० बाय २४०० होतं, त्यात चेहऱ्याजवळ सावकाश जाता येतं. फोटो काचेला चिकटलेला असेल तर ओढू नका, वरचा थर काचेवरच राहतो. त्याचा काचेसकटच कॅमेऱ्यानं फोटो घ्यायचा. दोन्ही बाजूंनी ४५ अंशांतून उजेड, कॅमेऱ्यासमोर काळं कापड धरून त्यातल्या भोकातून फक्त लेन्स, म्हणजे काचेत प्रतिबिंब पडत नाही. मागं काही लिहिलंय का बघा. साल-नाव बऱ्याचदा तिथंच सापडतं.

गाणं विसरा. यूट्यूबवर टाकल्यावर क्लेम येतो, कधी आवाज बंद, कधी व्हिडिओच. परवाना घेतलेलं संगीत वापरायला सांगा आणि परवान्याची प्रत संस्थेच्या नावावर मागून घ्या, एडिटरच्या नावावर नको.

कच्च्या साहित्याबद्दल: १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे मोबदला देऊन करून घेतलेल्या फिल्मचा पहिला मालक करून घेणारा, वेगळा करार नसेल तर. पण कच्चं साहित्य आणि प्रोजेक्ट फाइल सोपवायची की नाही यावर भांडण होतंच, म्हणून वर्क ऑर्डरमध्ये एक ओळ घाला. हार्ड डिस्क तुम्ही द्या. १०० एमबीपीएसवर फोरके तासाला ४५ जीबी खातं. दोन कॅमेरे, तीन दिवस, रोज चार तास धरले तर एक टीबी पार होतो. दोन टीबीच्या दोन डिस्क, एक शाखेत, एक मुख्य कचेरीत.

फेडर_खाली:

पॉडकास्टचे सहाही भाग एकदम प्रसिद्ध करू नका, पंधरा दिवसांनी एक पुरे. कव्हर चौकोनी, ३००० बाय ३००० ठिपके, नाव अंगठ्याएवढ्या चित्रातही वाचता आलं पाहिजे. खातं संस्थेच्या ईमेलवर उघडा, निर्मात्याच्या नव्हे. करार संपला की चावी त्याच्याकडं राहते. तुमचे सभासद मुख्यतः व्हॉट्सअ‍ॅपवर ऐकणार, तेव्हा मोनो, ९६ केबीपीएसची एमपी३ वेगळी मागा. पंचवीस मिनिटांची १८ एमबी होते.

व्हिडिओ पॉडकास्ट नको असं माझं मत. कॅमेरा लावला की दप्तराच्या खोलीतून परत ग्रॅनाइटच्या हॉलमध्ये यावं लागतं, कारण ‘मागं बोर्ड दिसला पाहिजे’.

वेलांटी_उकार:

व्हिडिओबद्दल असहमत. ज्येष्ठ सभासदांची नातवंडं चेहरा बघायला क्लिक करतात. एक कॅमेरा दप्तराच्या खोलीतच लावा, मागं लाल कापडात बांधलेले गठ्ठे दिसू देत. बोर्डापेक्षा शोभतं.

वायरमन_राजारामपुरी:

वर्क ऑर्डरमध्ये अजून तीन ओळी: दर जीएसटी धरून की १८ टक्के वेगळा, दुरुस्तीच्या फेऱ्या दोन, आणि पैसे ४०-४०-२०, शेवटचे २० फाइल सभागृहातल्या वॉलवर चालवून बघितल्यावर. दुरुस्त्या सतरा जणांनी सतरा व्हॉइस मेसेजनी कळवायच्या नाहीत. एकानंच, मिनिट-सेकंद लिहून: ‘२:१५, नाव चुकलं’. ट्रायल आदल्या संध्याकाळी, सभागृहातले दिवे सभेला असतात तसे लावून. सकाळची ट्रायल ठेवलीत तर तेव्हा तिथं खुर्च्या मांडायचं काम चालू असतं, आणि कोणीतरी तुमच्याच केबलवरून ट्रॉली नेतं.